पोटात एक, ओठांत एक

"मिरपूड," गंभीरराव म्हणाले, आणि जेवणाच्या टेबलावर अशी शांतता पसरली, जणू एखाद्या थोर पुरुषाच्या निधनाची वार्ता आली होती.

त्यात मिरपुडीचा काही दोष नव्हता. आवाजच तसा होता. रेडिओ केंद्रावर रात्री आठच्या बातम्या गेली कित्येक वर्षं तेच वाचत, आणि विहिरीच्या तळातून यावा तशा त्या खर्जात "उद्या आकाश निरभ्र राहील" एवढंच आलं, तरी ऐकणारे हळहळत. गंभीरराव हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं. ते इतकं अंगात मुरलं होतं, की पगाराच्या दिवशी कॅशियरने खऱ्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून बघत, कोण आलंय म्हणून.

"मिरपूड मिळणार नाही," बायको म्हणाली.

"अगं, चिमूटभर."

"आगकाडीही एवढीशीच असते."

समोर ताटलीत उकडलेला भोपळा होता. शेजारी काकडी होती. बाहेर अजून चांगलं ऊन होतं, समोरच्या मैदानात मुलं खेळत होती, आणि या घरात रात्रीचं जेवण चाललं होतं.

याला कारण गंभीररावांची छाती. बातम्या वाचून घरी यायचं, दहाच्या पुढे पोटभर जेवायचं आणि हात वाळायच्या आत आडवं व्हायचं, असा त्यांचा अनेक वर्षांचा रिवाज होता. पोटानेही तो बरीच वर्षं सोसला. मग आत गेलेलं अन्न रात्री पुन्हा घशापर्यंत येऊन विचारपूस करू लागलं. छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी, आणि सकाळी उठल्यावर आवाज असा, की दूधवाल्याने एकदा "आजोबा, साहेब आहेत का घरात?" असं विचारलं.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि निकाल दिला.

"ॲसिड वर येतंय. आतून घसा भाजून निघालाय. वजन उतरवा, संध्याकाळी लवकर जेवा, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर वर्षभरात तुमचा आवाज सायकलच्या ब्रेकसारखा होईल."

"पण मग खायचं काय?"

"तुम्हाला आवडतं काय काय?"

गंभीररावांनी सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा उजळला. डॉक्टरांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकून घेतलं.

"छान," ते म्हणाले. "हे सगळं सोडून काहीही."

बायको शाळेत गणित शिकवायची. तिने निजायच्या वेळेतून तीन तास वजा केले, येण्याजाण्याचा वेळ वजा केला, कपडे बदलण्याचा वजा केला, आणि जेवणाची वेळ उन्हात आणून ठेवली. चहा, कॉफी, तळलेलं, तिखट, टोमॅटो, चॉकलेट हे सगळं घरातून हद्दपार झालं. म्हणजे गंभीररावांच्या आयुष्यातून हद्दपार झालं. घरात ते होतंच, कारण घरात सासूबाई होत्या. सासूबाईंना दगड दिला तरी पचायचा. त्या समोर बसून बटाट्याचे वेफर्स कुरुमकुरुम खात आणि जावयाच्या ताटलीकडे करुणेने पाहत.

"जावईबापू, आमच्या वेळी नव्हती हो ही ॲसिडिटी."

"नव्हती?"

"कुणाला वेळच नव्हता."

---

रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत त्याच सुमारास एक नवा माइक बसला होता. केंद्रप्रमुख बाईंनी तो वरपर्यंत भांडून मिळवला होता, आणि इंजिनियर त्याच्याकडे नवऱ्या मुलीच्या बापासारखा बघायचा.

"मुंगी शिंकली ना गंभीरराव, तरी हा पकडतो."

बातम्यांमध्ये मुंगीच्या शिंकेचं काय काम, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. माइक आला होता ना? मग झालं.

नव्या आहाराचा पहिला आठवडा होता. गंभीरराव काचेच्या खोलीत बसले. लाल दिवा लागला. दोन बातम्या ठीक गेल्या. तिसरी पाणीपुरवठा मंत्र्यांची होती.

"पुढच्या महिन्यापासून शहरातल्या प्रत्येक घराला चोवीस तास पाणी मिळेल, असं आश्वासन पाणीपुरवठा मंत्र्यांनी दिलं आहे."

आणि गंभीरराव थांबले. मोठ्या माणसाच्या विधानानंतर दोन श्वास थांबायचं, म्हणजे त्याचं वजन श्रोत्यांवर पडतं, असं त्यांना उमेदवारीच्या काळात शिकवलेलं होतं. आजवर त्या दोन श्वासांत कधी काही घडलं नव्हतं.

"गुर्रर्र... गुडगुड... डुबुक."

कोरड्या नळातून आधी हवा यावी आणि मग शेवटचा थेंब पडावा, अगदी तसा आवाज. गंभीररावांच्या रिकाम्या पोटात भोपळ्याचा शेवटचा अंश कुठल्याशा वळणावरून खाली उतरला होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी पुढची बातमी घेतली. काचेपलीकडे इंजिनियर हेडफोन कानांवर दाबून खुर्चीतून अर्धा उठला होता.

त्या रात्री केंद्राचा फोन थांबेना. एकाला वाटलं स्टुडिओत कुत्रं शिरलंय. एका निवृत्त गृहस्थांनी इमारतीचं ड्रेनेज तपासायचा सल्ला दिला. पण बाकीचे सगळे खूश होते. "वा! काय समर्पक आवाज टाकलात हो! असाच येतो आमचा नळ!" असं ते म्हणत होते.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"जावईबापू, पोट छान बोललं आज."

"तुम्हाला कळलं?"

"अहो, रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकते मी. आवाज ओळखणार नाही?"

बायकोला तर आनंद मावेना. "कावळे ओरडतायत पोटात! म्हणजे वजन उतरतंय!"

"अगं, सगळ्या शहराने ऐकलं."

"ऐकू दे. चांगल्या सवयी लोकांच्याही कानावर जायला हव्यात."

"आठच्या आधी निदान एक पाव तरी..."

"नाही."

---

दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठा खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा केंद्रप्रमुख बाईंना फोन आला. तो फार नम्र माणूस होता. नम्र माणसाचा फोन आला की बाई खुर्चीतून उठून उभ्या राहत.

"काही नाही, एवढंच विचारायचं होतं. मंत्रीमहोदयांच्या विधानानंतर काल जो अभिप्राय देण्यात आला, तो केंद्राचा अधिकृत अभिप्राय समजायचा का?"

"अभिप्राय? छे, छे! तो... तांत्रिक होता."

"अस्सं. तांत्रिक. लेखी कळवाल?"

बाईंनी लेखी कळवलं, की सदर आवाज हा 'बाह्य ध्वनिलहरींच्या व्यत्ययामुळे' आला. याचा अर्थ काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. खात्याला तर नव्हतंच. म्हणूनच खुलासा ताबडतोब मान्य झाला.

मग त्या बाह्य लहरींचा शोध सुरू झाला. इंजिनियरने सगळ्या वायरी उपसल्या. भिंतींचं अस्तर उचकटून पाहिलं. पंखा बंद केला, दिवे बदलले, बाहेरच्या पॅसेजमधून चपला घालून चालायला बंदी केली. लिफ्टही बंद ठेवली, त्यामुळे गंभीरराव चार मजले चढून वर आले आणि त्यांची भूक आणखी कडकडीत झाली.

त्या रात्री उद्योगमंत्र्यांनी बेकारी संपल्याचं जाहीर केलं. दोन श्वास.

"गुर्रर्रर्र..."

बेकारी संपल्यावर बेकार माणसाचं पोट जे म्हणेल, तेच ते होतं.

"आतूनच येतोय!" इंजिनियर घाम पुसत म्हणाला. "खोलीच्या आतूनच येतोय, मॅडम! पण खोलीत तर काहीच नाही. फक्त गंभीरराव आहेत."

"गंभीररावांचा काय संबंध?" बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे बघून खरंच कुणाला शंका आली नसती. एवढ्या भारदस्त माणसाला पोट असेल, आणि ते रिकामं असेल, हे मनात आणणंसुद्धा उद्धटपणाचं वाटे.

गंभीररावांनी तोंड उघडलं नाही, कारण आयुष्यभर जपलेला रुबाब असा पोटामुळे धुळीला मिळावा हे त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला. बायकोची नजर चुकवून बिस्किटांचा पुडा खिशात घातला आणि आठला पाच मिनिटं असताना केंद्राच्या शौचालयात कडी लावून अख्खा पुडा पोटात ढकलला. चावायला वेळ नव्हता. सगळी बिस्किटं वाऱ्यासकट आत गेली.

त्या रात्री पोट गुरगुरलं नाही. पण अर्थमंत्र्यांनी सामान्य माणसाला दिलासा दिला, गंभीरराव थांबले, आणि खालून एक ढेकर निघाला. त्यांनी तो गळ्यातच धरला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ढेकराने आत दोन हिसके दिले आणि शेवटी नाकावाटे वाट काढली.

"...ह्म्म्म्."

एवढंच. पण त्या खर्जातला तो 'ह्म्म्म्' असा होता, की अर्थमंत्र्यांचा सगळा दिलासा त्यात बुडून गेला. शहरभर घराघरांत माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

पुढे दर रात्री हेच. बिस्किटं खाल्ली की ह्म्म्म्, नाही खाल्ली की गुर्रर्र. आठ वाजले की न्हाव्याच्या दुकानात वस्तरा थांबू लागला. चहाच्या टपरीवर मंत्र्याचं नाव आलं की कुणीतरी "शू, शू, ऐका आता!" म्हणायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं बातम्या ऐकल्या नव्हत्या, ते फक्त त्या दोन श्वासांसाठी रेडिओ लावू लागले. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने तर भर सभेत जाहीर केलं, "या शहरात खरं बोलणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो तोंडाने बोलत नाही!"

रस्त्यात अनोळखी माणसं गंभीररावांचा हात हातात घेऊ लागली. "सोडू नका हो," ती म्हणत. कशाला सोडायचं नाही, ते गंभीररावांना कळत नसे. त्यांनी तर जवळपास सगळंच सोडलं होतं.

---

शेवटी पाणीपुरवठा मंत्र्यांनी ठरवलं, की आपण स्वतःच स्टुडिओत जायचं. आठच्या बातम्यांत, थेट प्रक्षेपणात, आपल्याच तोंडाने पाण्याचं आश्वासन द्यायचं. बघू या कोण अभिप्राय देतंय!

बाईंनी गंभीररावांना बोलावून घेतलं.

"उद्या जर तो आवाज आला ना गंभीरराव, तर मी कुठे जाईन ते ठाऊक नाही, पण तुम्ही पहाटेच्या कार्यक्रमात बाजारभाव वाचाल. एवढं नक्की."

गंभीररावांनी मनाचा हिय्या केला. "मॅडम, एक सांगायचंय. तो आवाज माझ्या पोटातून येतो."

बाई उठल्या, दार बंद केलं, परत येऊन बसल्या.

"काय म्हणालात?"

"पोटातून. डायट चाललंय. ॲसिडिटी आहे मला."

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"सांगूही नका!" बाई दबक्या आवाजात ओरडल्या. "मी लेखी दिलंय, बाह्य ध्वनिलहरी म्हणून! खात्याने मान्य केलंय! आता त्या लहरी तुमच्या पोटातून निघाल्या, तर त्या बाह्य कशा राहतील?"

"पण खरं तेच आहे, मॅडम."

"खरं-खोटं बातम्यांपुरतं ठेवा. पोटाचं काय ते तुम्ही बघा. मला काही ठाऊक नाही."

गंभीरराव तिथून थेट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, उपाशी राहा असं कोण म्हणालं तुम्हाला? थोडं थोडं, दोन-तीन तासांनी खायचं. सावकाश, चावून. कामावर बसण्याआधी तासभर हलकं काहीतरी पोटात हवंच."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काय खायचं ते विचारलंत. कधी खायचं ते कुठे विचारलंत?"

डॉक्टरांचा शब्द म्हणजे बायकोला शेवटचा शब्द. तिने बिनतक्रार एक छोटा डबा भरून दिला. डब्यात भोपळाच होता, पण कामाच्या जागी, हक्काने, कडी न लावता खाता येणारा भोपळा. दुसऱ्या दिवशी सात वाजता गंभीररावांनी तो एकेक फोड चावून खाल्ला. शेवटच्या दोन फोडी पोट भरल्यामुळे उरल्या. कित्येक दिवसांनी पोटात निवांत वाटलं. जळजळ नाही, गुरगुर नाही. तळ्यासारखं शांत पोट घेऊन ते स्टुडिओत जाऊन बसले.

मंत्री आले. त्यांच्याआधी त्यांचं पोट आलं, आणि मागून बाकीचे लोक. मात्र अंगातला कोट खांद्यांवर सैल झाला होता आणि गाल बसल्यासारखे दिसत होते. निवडणुका जवळ आल्या होत्या. भिंतीवरच्या पोस्टरवर आपण मावत नाही हे लक्षात आल्यापासून मंत्र्यांनी वजन उतरवायला घेतलं होतं. पण हे स्टुडिओत कुणाला माहीत असणार?

लाल दिवा लागला.

"आज आपल्यासोबत स्वतः पाणीपुरवठा मंत्री आहेत. साहेब, शहराला पाणी कधी मिळेल?"

मंत्र्यांनी माइकजवळ तोंड नेलं. "पुढच्या महिन्यापासून! चोवीस तास! हा माझा शब्द आहे!"

सवयीने गंभीरराव थांबले.

"गुर्रर्र... गुडगुड... गुडगुड... डुबुक."

मंत्र्यांनी गंभीररावांकडे पाहिलं. गंभीररावांनी मंत्र्यांकडे पाहिलं. या दोघांपैकी ते पोट कुणाचं, हे त्या क्षणी जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक आता कोटाचं बटण चाचपत होतं. काचेपलीकडे बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"मी पुन्हा सांगतो," मंत्री घाईने म्हणाले. "चोवीस तास!"

"गुर्रर्रर्र!"

हा तर आधीच्यापेक्षा मोठा होता. मग मंत्र्यांनी मधे थांबायचंच सोडून दिलं. पाइप, टाक्या, पंप, जे आठवेल ते सलग बोलत सुटले, आणि पोट त्यांना शेवटपर्यंत साथ देत राहिलं.

---

कार्यक्रम संपल्यावर मंत्र्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. सचिव गेला, अधिकारी गेला, बाई मागे बघत बघत गेल्या. खोलीत दोघंच उरले.

"तुम्हालाही आहे?" मंत्र्यांनी हळूच विचारलं.

"आहे साहेब."

"रात्री आडवं झालं की वर येतं?"

"घशापर्यंत."

"आंबट?"

"कडूसुद्धा."

मंत्र्यांनी खुर्ची जवळ ओढली. इतकी वर्षं राजकारणात काढून त्यांना असा जिव्हाळ्याचा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. "सकाळपासून घरी मला काय दिलंय माहितीये? कोमट पाणी. भूक लागली म्हटलं की पाणी. बायको म्हणते, खातं पाण्याचं आहे ना, मग प्या!"

गंभीररावांनी डबा पुढे केला. त्यात दोन फोडी होत्या. मंत्र्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक तोंडात टाकली. त्यांचे डोळे भरून आले.

"भोपळा?"

"उकडलेला. थोडा थोडा, दोन-तीन तासांनी, चावून खायचा."

"पोट शांत राहतं?"

"आज माझं राहिलं ना, साहेब."

मंत्र्यांनी दुसरी फोडही खाल्ली, तोंड पुसलं, आणि बाहेर येऊन पत्रकारांना सांगितलं, की केंद्राचा माइक सदोष आहे. कंपनीने निकृष्ट माल दिला आहे. माइक तत्काळ काढण्यात यावा. बाई म्हणाल्या की त्यांनाही पहिल्यापासून तीच शंका होती. इंजिनियर एका कोपऱ्यात माइक छातीशी धरून उभा होता. तो "पण..." म्हणाला, आणि एवढ्यावरच त्याला पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली.

गोदामातून जुना माइक आला. तो इतका सभ्य होता, की समोर बसून ठणठणीत बोलल्याशिवाय त्याला काही ऐकूच यायचं नाही. शेजारी घोडा खिंकाळला असता तरी त्याने बाहेर कळू दिलं नसतं.

दोन दिवसांनी सकाळी मंत्र्यांची दिव्याची गाडी गंभीररावांच्या दारात थांबली. दोन माणसांनी एक मोठं खोकं कण्हत कण्हत उतरवलं आणि जिन्यावरून वर चढवलं. ते भलतंच जड होतं. प्रत्येक मजल्यावर त्यांनी ते खाली ठेवून दम घेतला, आणि प्रत्येक मजल्यावर दार किलकिलं झालं.

"साहेबांनी दिलंय," त्यातला एकजण मोठ्यांदा म्हणाला. "म्हणाले, तुमचे फार उपकार आहेत."

खोक्यात मंत्र्यांच्या शेतातले भोपळे होते. बायकोने ते मोजून पाहिले आणि महिनाभराची चिंता मिटली म्हणाली.

त्याच रात्री बातमी आली, की काही अपरिहार्य कारणांमुळे चोवीस तास पाणी आता पुढच्या महिन्याऐवजी पुढच्या वर्षी मिळेल. गंभीररावांनी ती आपल्या घनगंभीर आवाजात वाचली आणि सवयीने थांबले. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. टपरीवरचे कप थांबले. अख्खं शहर रेडिओला कान लावून बसलं.

काही आलं नाही. ह्म्म्म्सुद्धा नाही.

"पुढची बातमी," गंभीरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दाढीला गेले, तेव्हा न्हाव्याने नेहमीसारखं उठून खुर्ची झटकली नाही.

"बसा," तो म्हणाला. "भरलं म्हणायचं पोट तुमचं एकदाचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला माहीत. आम्ही गरीब माणसं. किती खाल्लंत?"

"मी?" गंभीररावांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता आणि विजार तरीही घसरत होती. "मी सकाळपासून अर्धी काकडी खाल्लीय."

"काकडी!" न्हावी म्हणाला, आणि बाकावर टेकलेली दोन गिऱ्हाइकं पोट धरून हसली. "खोकं भरून काकड्या होत्या होय? दोन माणसांना उचलेना म्हणे!"

वाण्याने सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. दूधवाला मान फिरवून गेला. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने संध्याकाळच्या सभेत सांगितलं, की या शहरात शेवटचा एक प्रामाणिक माणूस होता, तोही खाऊन बसला. गंभीररावांची छाती आता जळत नव्हती, आवाज खणखणीत झाला होता, वजन डॉक्टरांनी सांगितलं त्याच्याही खाली आलं होतं. तब्येतीने इतकं उत्तम आणि लोकांत इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घरी पोचले, तर दारात बायको. हाताची घडी, भुवई वर.

"खालच्या वहिनी भेटल्या जिन्यात," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मला सोडून सगळ्यांना."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही खाल्लंत म्हणे."

गंभीरराव चपला काढायचं विसरून उभे राहिले. एवढी वर्षं संसार केलेल्या बायकोनेही विश्वास ठेवावा, हे त्यांना फार लागलं.

"अगं, तूही? तुला माहितीये ना त्या खोक्यात काय होतं? तूच मोजलेस ना ते भोपळे?"

"भोपळ्यांचं नका सांगू मला. बाहेर खाल्लंत का नाही? माझ्या डोळ्यांत बघून सांगा. काय खाल्लंत?"

"पैसे!" गंभीरराव कळवळून म्हणाले. "मंत्र्याचे पैसे खाल्ले, असं म्हणतात लोक!"

बायकोच्या हाताची घडी सुटली. तिने छातीवर हात ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून मोठा श्वास सोडला.

"पैसे होय!" ती म्हणाली. "मग असं आधी नाही का सांगायचं? जीव टांगणीला लागला होता माझा. म्हटलं, गेले वाटतं कुठेतरी तळलेलं खायला."